कृष्णविवराच्या काठावरचा काळ

काळ मोजणे हा माळव्याचा जुना व्यवसाय आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. इंदूरहून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर असलेल्या उज्जयिनीवरून जाणारी रेषा प्राचीन भारतीय ज्योतिर्विदांनी आपल्या गणिताची मूळ रेषा मानली. अठराव्या शतकात सवाई जयसिंहाने त्याच नगरीत वेधशाळा उभारली आणि तेथील सम्राट यंत्र सूर्याच्या सावलीवरून आजही वेळ दाखविते. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मुंबईची वेळ वेगळी, कलकत्त्याची वेगळी, असा प्रकार होता. १९०६ साली देशाला एक प्रमाणवेळ मिळाली, आणि मुंबईकरांनी तीही पुढे कित्येक वर्षे मनापासून मानली नाही. परंतु हा सारा वाद घड्याळाचे काटे कोठे लावावेत एवढ्यापुरता होता. काटे कोठेही लावले तरी त्यांच्यामागून वाहणारा काळ एकच आहे, तो राजाला व रंकाला, डोंगरावर व समुद्रकाठी, सारख्याच गतीने वाहतो, याविषयी कोणाच्याच मनात शंका नव्हती. न्यूटनने आपल्या साऱ्या गतिशास्त्राची इमारत याच श्रद्धेवर रचली.

ही श्रद्धा आइन्स्टाइनने १९१५ साली मोडली. त्याच्या व्यापक सापेक्षता सिद्धांताचे सांगणे असे की, जेथे गुरुत्वाकर्षणाची पकड अधिक तेथे काळाची गती मंद. घड्याळ बिघडते असे नव्हे. घड्याळ, नाडीचे ठोके, झाडाची वाढ, अणूंची कंपने या सर्वांची गती एकदम आणि एकाच प्रमाणात मंदावते. म्हणूनच ज्याचे त्याला काहीच जाणवत नाही.

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे. मुंबईच्या चौपाटीवर एक निर्दोष घड्याळ ठेवले आणि तसेच दुसरे इंदुरात ठेवले, तर इंदूरचे घड्याळ दररोज सुमारे पाच अब्जांश सेकंद पुढे जाईल. एका सेकंदाचा फरक पडावयास पाच लाखांहून अधिक वर्षे लागतील. तेव्हा मुंबईहून इंदुरास येऊन स्थायिक झालेल्या गृहस्थाला यात भिण्यासारखे अथवा हुरळण्यासारखे काही नाही. पण फरक आहे, आणि तो मोजता येतो. १९६० साली हार्वर्ड विद्यापीठात पाउंड आणि रेब्का या दोघा शास्त्रज्ञांनी अवघ्या साडेबावीस मीटर उंचीच्या मनोऱ्याच्या तळाशी व माथ्याशी हा फरक मोजून दाखविला. आज तर तो नित्याच्या व्यवहारात शिरला आहे. मोबाइलमध्ये रस्ता दाखविणारे जीपीएस उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांची घड्याळे, उंची आणि वेग या दोहोंचा हिशेब करता, जमिनीवरील घड्याळांपेक्षा दिवसाला अडतीस दशलक्षांश सेकंद पुढे जातात. ही दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात दहा किलोमीटरांहून अधिक चूक साचेल आणि राजवाड्याला निघालेली रिक्षा महूच्या वाटेला लागेल.

हे परिणाम इतके सूक्ष्म का, तर पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण फार दुबळे आहे म्हणून. ते प्रबळ करावयाचे तर तिचे सारे वस्तुमान लहान जागेत कोंबले पाहिजे. किती लहान? नऊ मिलिमीटर त्रिज्येच्या गोळ्यात, म्हणजे मुले खेळतात त्या गोटीएवढ्या जागेत. सूर्याचे वस्तुमान असेल तर तीन किलोमीटर त्रिज्येचा गोळा पुरे. इंदूरच्या राजवाड्याभोवती तेवढे वर्तुळ काढले तर शहराचा बराचसा भाग बाहेरच उरेल. पदार्थ या मर्यादेच्या आत दाटला की तेथून प्रकाशही बाहेर पडू शकत नाही. त्या मर्यादेला घटनाक्षितिज म्हणतात, कारण समुद्रावरील क्षितिजापलीकडचे गलबत जसे दिसत नाही, तशी तिच्या आत घडणारी घटना बाहेरच्यास कधीच कळत नाही. क्षितिज आणि त्याच्या आतला प्रदेश मिळून कृष्णविवर होते.

कल्पना तशी जुनी आहे. जॉन मिचेल या इंग्लंडातील धर्मोपदेशकाने १७८३ साली, न्यूटनच्याच नियमांवरून, ज्याचा प्रकाश परत खेचला जातो अशा ताऱ्याचा विचार मांडला होता. आइन्स्टाइनच्या समीकरणांतून हे अंतर प्रथम काढले ते कार्ल श्वार्झशिल्ट या जर्मन शास्त्रज्ञाने. आणि तेही पहिल्या महायुद्धात, रशियाच्या आघाडीवर तोफखान्यात चाकरी करीत असताना. १९१६ च्या मे महिन्यात तो आजाराने वारला. मराठी वाचकांपर्यंत हा विषय पोचण्याची हकीगत अधिक मौजेची आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली. लेखक, नारायण विनायक जगताप. तिला पहिले पारितोषिक मिळाले आणि मग उलगडा झाला की हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे नाव घेतले होते, आणि हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून मजकूर पत्नीकडून लिहवून घेतला होता. २०२५ च्या मे महिन्यात पुण्यात नारळीकरांचे निधन झाले. त्या दिवशी त्यांच्या संशोधनाबरोबर या गोष्टीचीही आठवण अनेकांनी काढली, आणि ते योग्यच झाले. विज्ञानाचा अवघड विषय मातृभाषेत आणणे हे काम संशोधनाहून कमी नाही.

या विषयाविषयी एक वाक्य सर्वत्र ऐकू येते. कृष्णविवराजवळ काळ थांबतो. शाळकरी मुलेही ते आत्मविश्वासाने सांगतात. हे वाक्य खोटे नाही. पण ते अर्धे आहे, आणि विज्ञानातले अर्धे वाक्य पुष्कळदा खोट्याहून अधिक घोटाळा करते. थांबतो तो कोणाचा काळ, आणि कोणाच्या दृष्टीने, हे सांगितल्यावाचून त्याला अर्थ येत नाही.

परगावी निघालेल्या मुलाने रोज रात्री एक कार्ड टाकावयाचे, असे त्याने आईला वचन दिले आहे, अशी कल्पना करावी. तो रोज थोडा अधिक दूर जातो. म्हणून कार्डे एक दिवसाआड न येता थोडी अधिक अंतराने येऊ लागतात. मुलगा वचन पाळीत आहे. उशीर होतो तो वाटेत. आता हा मुलगा कृष्णविवराकडे निघालेल्या यानात बसला आहे आणि कार्डाऐवजी दर सेकंदाला दिव्याचा एक लोळ पाठवितो, असे मानू. दूर राहिलेल्या आईला आरंभी ते लोळ सेकंदा-सेकंदाला दिसतील. यान जसजसे क्षितिजाजवळ जाईल तसतसे दोन लोळांतील अंतर वाढेल. दोन सेकंद, दहा सेकंद, एक तास, एक वर्ष. प्रत्येक लोळ आधीच्याहून अधिक तांबडा आणि अधिक फिका असेल. क्षितिज ओलांडण्याच्या ऐन क्षणी निघालेला लोळ तिला कधीच मिळणार नाही. ती म्हणेल, माझा मुलगा क्षितिजाच्या उंबरठ्याशी थांबला आहे. त्याचा काळ थिजला आहे.

यानातील मुलाला मात्र असे काहीच दिसत नाही. त्याचे घड्याळ टिकटिकत असते, नाडी चालू असते. तो दर सेकंदाला नेमाने लोळ पाठवितो, उंबरठा ओलांडतो आणि पुढे जातो. तेथे फलक नाही, भिंत नाही, धक्का नाही. कृष्णविवर पुरेसे मोठे असेल तर आपण कोणती मर्यादा ओलांडली हेही त्याच्या ध्यानी येणार नाही.

ही दोन्ही वर्णने एकाच गणितातून निघतात. रॉबर्ट ओपनहायमर आणि हार्टलँड स्नायडर यांनी कोसळणाऱ्या ताऱ्याचे गणित केले, आणि त्यात दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी मांडल्या: ताऱ्याबरोबर आत जाणाऱ्या निरीक्षकाला हे कोसळणे थोड्याच वेळात पुरे झालेले आढळते, दूरच्या निरीक्षकाला ते कधीच पुरे होताना दिसत नाही. हा निबंध १९३९ च्या १ सप्टेंबरला प्रसिद्ध झाला. त्याच दिवशी जर्मन सैन्य पोलंडमध्ये शिरले. जगाचे लक्ष साहजिकच तिकडे गेले, आणि पुढे ओपनहायमरचेही. त्याच्याही सहा वर्षे आधी, १९३३ साली, बेल्जियममधील लूव्हँ विद्यापीठात शिकविणाऱ्या जॉर्ज लमेत्र या कॅथलिक धर्मगुरूने दाखवून दिले होते की, श्वार्झशिल्टच्या अंतरावर समीकरणे जी बिघडल्यासारखी वाटतात तो निसर्गाचा दोष नसून मोजपट्टीचा दोष आहे. उत्तर ध्रुवावर सारी रेखावृत्ते एकत्र येतात म्हणून तेथे पृथ्वी फाटलेली नसते, तसेच हे. विश्वाच्या प्रसरणाचा आद्य प्रतिपादक म्हणून लमेत्रचे नाव प्रसिद्ध आहे. पण ही लहानशी दुरुस्ती फार दिवस कोणी वाचलीच नाही. सोव्हिएत शास्त्रज्ञ कितीतरी वर्षे कृष्णविवराला ‘गोठलेला तारा’ म्हणत, आणि हे नाव आईच्या बाजूचे होते, मुलाच्या नव्हे.

येथे एक मोठी शंका उद्भवते. दोन साक्षीदार परस्परविरुद्ध साक्ष देत असतील तर त्यांतील एक खोटा असला पाहिजे. न्यायालयात हा नियम ठीक आहे. येथे तो लागू पडत नाही, कारण आई सांगते ती तिच्यापर्यंत पोचलेल्या प्रकाशाची हकीगत आणि मुलगा सांगतो ती त्याच्या स्वतःच्या घड्याळाची. एकाच्या साक्षीवरून दुसऱ्याची साक्ष काटेकोर गणिताने काढता येते. त्यात एका पळाचीही तफावत येत नाही. ‘सारेच सापेक्ष आहे, तेव्हा कशालाच धरबंध नाही,’ असा जो अर्थ काही जण आइन्स्टाइनच्या पदरी बांधतात तो अगदी उलटा आहे. येथे धरबंध न्यूटनच्या काळापेक्षाही कडक झाला आहे. प्रत्येकाने आपले घड्याळ कोठे ठेवून वेळ सांगितली, हे आता आधी लिहून द्यावे लागते.

आणि हा निव्वळ दृष्टिभ्रमही नव्हे. मुलगा उंबरठा न ओलांडता, यंत्राच्या जोरावर क्षितिजाच्या बाहेर रेंगाळला, तर काय होईल ते पाहावे. क्षितिजाची त्रिज्या तीन मानली तर केंद्रापासून चार अंतरावर तो थांबला, तर त्याचा एक तास हा आईचे दोन तास होतो. क्षितिजापासून त्रिज्येच्या शंभराव्या भागाइतक्याच अंतरावर थांबला तर त्याच्या एका वर्षात तिची दहा वर्षे जातात. तो परत घरी आला तर हा फरक त्याच्या काळ्या आणि तिच्या पांढऱ्या केसांत दिसेल, आणि तो कोणत्याही युक्तीने पुसता येणार नाही. आत गेलेल्याची गोष्ट मात्र निराळी. तो परत येऊन घड्याळ ताडून पाहू शकत नाही; म्हणून कोणाचे खरे हा प्रश्न तेथे विचारताच येत नाही.

आणखी एक गैरसमज याच ओघात दूर केलेला बरा. क्षितिजापाशी थिजलेली चित्रे जन्मभर पाहावयास मिळतील, असे ‘गोठलेला तारा’ या नावावरून वाटते. तसे होत नाही. प्रकाश इतक्या झपाट्याने तांबडा व क्षीण होत जातो की दहा सूर्यांच्या वजनाच्या कृष्णविवरात पडणारी वस्तू सेकंदाच्या काही सहस्रांशांतच पूर्ण अंधारते. आईला शेवटचे कार्ड येते. ते शेवटचे आहे असे त्यावर लिहिलेले नसते.

उंबरठ्यापलीकडे काय, हे पाहून कोणी सांगितलेले नाही; गणित मात्र स्पष्ट बोलते. बाहेर असताना केंद्र ही एक जागा असते आणि तिच्यापासून दूर जाण्यास वाव असतो. आत शिरताच अंतर आणि काळ यांची भूमिका बदलते. केंद्र ही मग पुढची जागा राहत नाही. तो पुढचा क्षण होतो. मंगळवारी कितीही धावले तरी बुधवार टाळता येत नाही, त्याप्रमाणे आत गेलेल्याला केंद्र टाळता येत नाही. यंत्राचा जोर लावून झगडले तर उलट वेळ कमीच पडण्याचा संभव. आकाशगंगेच्या मध्यभागी सुमारे त्रेचाळीस लाख सूर्यांच्या वजनाचे कृष्णविवर आहे. दुरून मोकळेपणी पडत आलेल्यास त्यात क्षितिजापासून केंद्रापर्यंत जावयास त्याच्या घड्याळाने अर्धे मिनिट लागेल. कन्या तारकासमूहाच्या दिशेस, साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर एम ८७ नावाची दीर्घिका आहे. तिच्यातील कृष्णविवर साडेसहा अब्ज सूर्यांचे; तेथे हा प्रवास सुमारे बारा तासांचा. केंद्रापाशी आइन्स्टाइनची समीकरणे निरुत्तर होतात. तेथे पुंजवादाची जोड हवी, एवढे सर्वांस मान्य आहे. ती कशी द्यावी यावर महाराष्ट्रात जन्मलेले अभय अष्टेकर यांच्यासारखे शास्त्रज्ञ कित्येक दशके खपत आहेत.

आता पदार्थाची गत. समुद्राला भरती येते ती चंद्राच्या आकर्षणातील फरकामुळे. पृथ्वीची चंद्राकडील बाजू अधिक ओढली जाते, पलीकडील कमी. कृष्णविवराकडे पाय करून पडणाऱ्या माणसाचे पाय डोक्यापेक्षा अधिक जोराने ओढले जातात आणि त्याच वेळी अंग दोन्ही कुशींनी आवळले जाते. हातावरच्या शेवया ओढताना पिठाचा गोळा जसा लांबत आणि बारीक होत जातो, तसाच हा प्रकार. इंदूरकरांस येथे सराफ्याची शेव आठवेल, परंतु ती सोऱ्यातून दाबून निघते. ही उपमा ओढलेल्या शेवयांनाच शोभते. मौज अशी की, लहान कृष्णविवर अधिक क्रूर असते. दहा सूर्यांच्या कृष्णविवराच्या क्षितिजाशी माणसाच्या डोक्यापायांतील ओढीचा फरक पृथ्वीवरील वजनाच्या कोटी-दोन कोटी पट होईल. तेथवर पोचण्याआधीच त्याचे अणुरेणू विखुरलेले असतील. आकाशगंगेच्या मध्यावरील राक्षसी कृष्णविवराशी तोच फरक वजनाच्या दहा हजाराव्या भागाएवढाच भरेल. भोवती तापलेला वायू नसेल तर तेथील उंबरठा माणूस धडधाकटपणे ओलांडील. पुढचे अर्धे मिनिट मात्र त्याचे तेवढेच.

कृष्णविवर आसपासचे सारे शोषून घेते, ही समजूतही खरी नाही. सूर्याच्या जागी त्याच वजनाचे कृष्णविवर ठेवले तर पृथ्वीवर अंधार व थंडी होईल, पण ती आपल्या कक्षेतून तसूभरही ढळणार नाही. वायू सरळ आत पडत नाही. न्हाणीघरातल्या मोरीकडे जाणाऱ्या पाण्यासारखा गरगरत, तबकडीच्या आकाराने जमत जातो. आतले थर वेगाने व बाहेरचे संथपणे फिरतात, ते एकमेकांवर घासतात आणि तापतात. लहान कृष्णविवरांभोवती तर कोटीच्या घरातील अंशांपर्यंत. सूर्याच्या पोटात हायड्रोजन जळतो तेव्हा त्याच्या वस्तुमानाचा शेकडा एक भागही ऊर्जेत बदलत नाही. या तबकडीत शेकडा सहापासून चाळीसपर्यंत बदलू शकतो. ज्यातून प्रकाश निसटू शकत नाही, त्याच वस्तूच्या दारात विश्वातील अत्यंत तेजस्वी दिवे लागतात! २०१५ साली अवकाशात गेलेल्या भारताच्या ॲस्ट्रोसॅट या वेधशाळेने, जिच्या उपकरणांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा आणि पुण्याच्या आयुकाचा वाटा आहे, अशा कित्येक तबकड्यांतून येणारे क्ष-किरण नोंदले आहेत.

या प्रकाशाचा एक प्रकार इंदूरकरांना घरच्यासारखा वाटावयास हरकत नाही. येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात, ज्याची स्थापना १९८४ साली झाली, ‘इंडस-२’ नावाचे कडे आहे. त्याचा परीघ सुमारे १७२ मीटर. त्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरविले जातात आणि चुंबकांनी वळविले की ते त्या वळणावर प्रकाश सांडतात. याला सिंक्रोट्रॉन प्रकाश म्हणतात. एम ८७ मधील कृष्णविवराचे जे छायाचित्र २०१९ च्या १० एप्रिलला जगापुढे आले, मधोमध काळोख आणि भोवती नारिंगी कडे, त्या कड्याचा प्रकाश याच जातीचा आहे. तेथे चुंबक कोणी ठेवलेले नाहीत. तापलेल्या वायूतील चुंबकीय क्षेत्रच इलेक्ट्रॉनांना वळविते. तो रेडिओलहरींच्या रूपाने निघतो. नारिंगी रंग चित्र तयार करणाऱ्यांनी दिला. मधला काळोख म्हणजे प्रकाश गिळला गेल्याची सावली.

सावली दिसली, पण ज्याच्याभोवती वायूच नाही असे कृष्णविवर ओळखावे कसे? हा प्रश्न १९७० साली बंगळूरच्या सी. व्ही. विश्वेश्वरा या तरुण शास्त्रज्ञाने घेतला. तो त्या वेळी अमेरिकेत होता आणि कृष्णविवर खरोखर असते असे मानणारे थोडेच होते. त्याने गणिताने कृष्णविवरावर गुरुत्वीय लहरींचा आघात केला, आणि त्याला आढळले की घंटेवर टोला दिल्यावर ती जशी ठरावीक स्वरात घुमते व शांत होते, तसे कृष्णविवरही घुमते. आणि त्या स्वरावरून त्याचे वजन सांगता येते. स्वर ऐकावयाचा तर कान हवा, आणि आवाजाच्या गोंगाटातून तो स्वर वेचून काढण्याची रीत हवी. ही रीत बसविण्यात पुण्याच्या आयुकातील संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या आगेमागे जे काम केले ते पुढे जगभर उपयोगी पडले.

कान अमेरिकेत तयार झाला. ‘लायगो’ या वेधशाळेच्या दोन केंद्रांत चार-चार किलोमीटर लांबीच्या काटकोनी नळ्या आहेत, त्यांत निर्वात आहे आणि टोकाला आरसे टांगलेले आहेत. २०१५ च्या १४ सप्टेंबरला, भारतात दुपारचे तीन वाजून वीस मिनिटे झाली असता, सव्वाशे कोटींहून अधिक वर्षे प्रवास करून आलेली एक लहर त्यांतून गेली. चार किलोमीटरांच्या लांबीत पडलेला फरक किती? प्रोटॉनच्या व्यासाचे शेकडो भाग करावेत आणि त्यांतील एक घ्यावा, इतका. सूर्याच्या ३६ आणि २९ पट वजनाची दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत मिळून गेली होती आणि ६२ पट वजनाचे एक उरले होते. राहिलेल्या तीन सूर्यांचे वजन सेकंदाच्या अंशात लहरींच्या रूपाने निघून गेले. साऱ्या हकीगतीचा ऐकू आलेला भाग सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढा. अखेरचे घुमणे विश्वेश्वरांनी सांगितले होते तशा रीतीचे. ही बातमी २०१६ च्या ११ फेब्रुवारीला जाहीर झाली. २०१७ च्या जानेवारीत विश्वेश्वरा निवर्तले. पंचेचाळीस वर्षांपूर्वी कागदावर वाजविलेली घंटा खरोखर वाजलेली त्यांना ऐकावयास मिळाली.

त्यानंतरच्या दहा वर्षांत ही यंत्रे पुष्कळ तीक्ष्ण झाली. २०२५ च्या १४ जानेवारीला आलेली लहर आजवरच्या सर्वांत स्पष्ट लहरींपैकी एक होती. स्टीफन हॉकिंगने १९७१ साली असे मांडले होते की, कृष्णविवरे कितीही आदळली तरी त्यांच्या क्षितिजांचे एकूण क्षेत्रफळ घटत नाही. या लहरीवरून त्याची पारख झाली. आदळण्यापूर्वी दोन्ही क्षितिजांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे २,४०,००० चौरस किलोमीटर होते, म्हणजे महाराष्ट्राहून कमी. नंतर उरलेल्या एकाचे सुमारे ४,००,०००, म्हणजे मध्यप्रदेशाहून बरेच अधिक. वजन थोडे घटले होते, क्षेत्रफळ वाढले होते. ज्याच्या आत काय आहे हे कधीही दिसणार नाही, त्याच्या दाराची मोजणी माणसाने पृथ्वीवर बसून केली.

असाच एक कान महाराष्ट्रात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभा राहावयाचा आहे. २०१६ साली त्याला तत्त्वतः आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह पूर्ण मंजुरी मिळाली. २०३० हे उद्दिष्ट त्या वेळी सांगण्यात आले. त्याची गरज अशी की, एका-दोन कानांनी आवाज आला एवढे कळते. कोठून आला ते नेमके कळत नाही. लहर अमेरिकेतील केंद्रांवर आणि हिंगोलीस एकाच क्षणी पोचणार नाही, तीस-चाळीस सहस्रांश सेकंदांपर्यंत मागेपुढे होईल, आणि त्या फरकावरून दिशा सापडेल. हा फरक मोजावयाची घड्याळे जीपीएसच्या वेळेवर चालतात. म्हणजे त्यांच्या पोटात आइन्स्टाइनची ती अडतीस दशलक्षांशांची दुरुस्ती आधीच बसलेली आहे.

या कामाची वाटणी चार संस्थांत झाली आहे. जागेची निवड व गणनाचे काम पुण्याच्या आयुकाकडे, निर्वात नळ्या गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेकडे, बांधकाम मुंबईच्या अणुऊर्जा विभागाच्या बांधकाम शाखेकडे. आणि लेसर, प्रकाशाची उपकरणे व आरशांना जमिनीच्या कंपनांपासून अलग राखणारी व्यवस्था इंदूरच्या केंद्राकडे. अमेरिकेतील यंत्रांतला एकेक आरसा चाळीस किलो वजनाचा, शुद्ध काचेचा असून तो अर्ध्या मिलिमीटरहून बारीक अशा चार काचतंतूंवर लोंबतो. हिंगोलीलाही असेच आरसे टांगावयाचे आहेत. औंढ्याच्या रस्त्याने उसाची गाडी जाईल, शेतात ट्रॅक्टर फिरेल, वारा सुटेल, दूरच्या समुद्राच्या लाटांनी जमीन सूक्ष्मपणे थरथरेल. यांपैकी कशाचाही हादरा त्या चार तंतूंवरून उतरून आरशापर्यंत पोचता कामा नये.